मक्याच्या दाण्यात अ जीवनसत्त्व वाढवायचे कसे: जनुक निवडण्यापासून भाकरीपर्यंत

बन्सी गव्हाच्या रव्याचा पिवळा रंग पाहून त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो रंग मुख्यतः ल्युटीन या द्रव्याचा असतो, आणि ल्युटीनपासून आपल्या शरीराला अ जीवनसत्त्व तयार करता येत नाही. पिवळ्या मक्याबाबतही हाच गैरसमज आढळतो. बाजारातल्या नेहमीच्या पिवळ्या मक्यात ल्युटीन आणि झियाझँथीन ही रंगद्रव्ये पुष्कळ असतात, परंतु ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते ते बीटा-कॅरोटीन फारच थोडे असते. अशा मक्यात अ जीवनसत्त्वाच्या पूर्वद्रव्याचे प्रमाण साधारणतः 1 ते 2 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम भरते, तर मानवी आहाराच्या दृष्टीने पैदासकारांनी आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरवलेले उद्दिष्ट 15 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आहे. हे अंतर डोळ्यांनी दाणे निवडून कापता येत नाही, त्यासाठी जनुकच ओळखावे लागते. ते काम क्रमाने कसे करावे, हे कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि बियाणे क्षेत्रात काम करणारे तरुण यांच्यासाठी येथे मांडले आहे.

आधी पीक तपासावे

कोणत्याही तृणधान्यात एखादे जीवनसत्त्व वाढवण्याचा विचार करताना पहिला प्रश्न हा विचारावा की, त्या पिकाच्या वाणांमध्ये या गुणाबाबत नैसर्गिक विविधता आहे का. भाताच्या दाण्याच्या भ्रूणपोषात, म्हणजे पॉलिश केल्यावर उरणाऱ्या पांढऱ्या भागात, कॅरोटिनॉइड द्रव्ये (ल्युटीन, बीटा-कॅरोटीन यांसारखी पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) जवळजवळ बनतच नाहीत. त्यामुळे नेहमीच्या संकरातून निवडण्यासारखे काही हाती येत नाही. म्हणूनच इंगो पोट्रीकस आणि पीटर बायर यांनी 2000 मध्ये जाहीर केलेल्या सोनेरी भातासाठी डॅफोडिल या फुलझाडाची आणि एका जिवाणूची, अशी बाहेरची जनुके घालावी लागली. 2005 मध्ये डॅफोडिलच्या जनुकाऐवजी मक्याचे जनुक वापरल्यावर बीटा-कॅरोटीनचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. मक्यात ही अडचण नाही. मक्याच्या जगभरच्या संग्रहात बीटा-कॅरोटीन साठवणारे वाण आधीपासून आहेत, त्यामुळे जनुकीय परिवर्तनाची गरज न पडता साध्या परागीभवनाने काम होते. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने मकाच निवडावा.

मार्ग समजून घेणे

दाण्यातील कॅरोटिनॉइड एकाच कारखान्यात, एकामागून एक अशा टप्प्यांनी तयार होतात. पहिला महत्त्वाचा टप्पा फायटोईन सिंथेज या विकराचा (एन्झाइमचा) असतो आणि त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर, पैदासकार ज्याला वाय-1 म्हणतात त्या जागी, असते. हे जनुक भ्रूणपोषात काम करत नसेल तर दाणा पांढरा होतो. म्हणून पांढऱ्या मक्यात पुढची कोणतीही खटपट व्यर्थ ठरते. पुढे लायकोपीन बनते आणि तेथे वाट फुटते. एक फाटा अल्फा-कॅरोटीनमार्गे ल्युटीनकडे जातो आणि दुसरा बीटा-कॅरोटीनकडे. कोणत्या फाट्याला किती माल जाईल हे बऱ्याच अंशी आठव्या गुणसूत्रावरील एलसीवायई या जनुकावर अवलंबून असते. त्याचे काम मंदावले तर माल बीटा-कॅरोटीनकडे वळतो, असे 2008 मध्ये स्पष्ट झाले.

परंतु बीटा-कॅरोटीन तयार झाले म्हणजे ते टिकलेच, असे नाही. दहाव्या गुणसूत्रावरील सीआरटीआरबी1 हे जनुक ज्या विकराची माहिती बाळगते, ते विकर बीटा-कॅरोटीनचे आधी बीटा-क्रिप्टोझँथीनमध्ये आणि मग झियाझँथीनमध्ये रूपांतर करते. क्रिप्टोझँथीनमध्ये जीवनसत्त्वाची क्षमता निम्मी उरते आणि झियाझँथीनमध्ये ती संपते. 2010 मध्ये या जनुकाचे असे रूप सापडले की ज्याचे काम इतके मंद चालते की बीटा-कॅरोटीन दाण्यातच साठून राहते. वेगवेगळ्या उष्णकटिबंधीय मक्यांत नेल्यावर या रूपामुळे बीटा-कॅरोटीन दुपटीपासून दसपटीपर्यंत वाढल्याचे दिसले. एलसीवायईच्या तुलनेत हा परिणाम मोठा आहे. त्यामुळे मनुष्यबळ आणि पैसा मर्यादित असेल तर आधी सीआरटीआरबी1 हाती घ्यावे आणि एलसीवायई नंतर जोडावे.

या जनुकाविषयी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यांवर उभी आहे. पहिली गोष्ट अशी की, हे अनुकूल रूप अप्रभावी आहे: रोपात त्याची एकच प्रत असेल तर चांगले चालणारे दुसरे रूप विकर बनवत राहते आणि बीटा-कॅरोटीन फारसे साठत नाही. दुसरी गोष्ट अशी की, झियाझँथीनसुद्धा गडद पिवळे-नारिंगीच असते, त्यामुळे कणीस सोलून रंग पाहिल्यावर कोणते झाड कामाचे हे सांगता येत नाही.

पालक निवडणे

ज्या वाणात सुधारणा करायची, त्याला आवर्ती पालक म्हणतात. संकरित मक्यात सुधारणा करायची म्हणजे त्याच्या दोन्ही इनब्रेड (पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागाने वाढवून एकसारख्या केलेल्या) पालकांत करावी लागते, कारण अनुकूल रूप अप्रभावी असल्यामुळे ते एकाच पालकातून आले तर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या संकरित दाण्यात त्याचा उपयोग होत नाही. नव्याने काम करणाऱ्यांकडून हा मुद्दा फार वेळा निसटतो आणि दोन हंगाम वाया जातात. सीआरटीआरबी1 चे अनुकूल रूप मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातील मक्यात आढळले. ते उष्णकटिबंधीय पार्श्वभूमीत आणून तयार केलेले दाता वाण, म्हणजे हे रूप पुरवणारे वाण, सिमिट या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्राकडून अनेक देशांतील संस्थांना मिळाले. दाता निवडताना त्याचे बीटा-कॅरोटीन किती यापेक्षा त्याचे कणीस, उंची आणि फुलोऱ्याची वेळ आपल्या पालकाच्या किती जवळ आहे, हे मी आधी पाहीन, कारण नको असलेले गुण काढून टाकण्यातच सर्वाधिक वेळ जातो.

दाता आणि आवर्ती पालक यांच्यात मार्करने (जनुकाचे रूप ओळखू देणाऱ्या डीएनएच्या खुणेने) फरक दिसतो का, हे संकर करण्यापूर्वीच तपासावे. सीआरटीआरबी1 च्या शेवटच्या भागावर आधारित मार्कर पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत) वापरल्यास अनुकूल रूपाचा पट्टा 543 बेसजोड्यांवर (बेसजोडी हे डीएनएच्या लांबीचे एकक) येतो आणि प्रतिकूल रूपाचा 296 वर. दोन्ही पट्टे एकाच रोपात दिसले तर ते रोप विषमयुग्मी, म्हणजे दोन्ही रूपांची एकेक प्रत असलेले, आहे. पैदासकाराच्या दृष्टीने या मार्करचे मोल येथेच आहे: शेतात किंवा दाण्यात जी प्रत मुळीच दिसत नाही, ती जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या पातळ थरावर) स्पष्ट दिसते.

हंगामांचा हिशेब

पहिल्या हंगामात आवर्ती पालकाच्या कणसावर दात्याचे पराग टाकून पहिली पिढी तयार करावी. दुसऱ्या हंगामात ती पिढी पुन्हा आवर्ती पालकाशी संकरित करावी. याला प्रतीप संकर म्हणतात. तिसऱ्या हंगामात दुसरा प्रतीप संकर, चौथ्यात स्वपरागीभवन, पाचव्यात समयुग्मी (दोन्ही प्रती अनुकूल रूपाच्या असलेली) झाडे निवडून पुन्हा स्वपरागीभवन आणि सहाव्यात सुधारित पालकांपासून संकरित बियाणे, असा क्रम येतो. खरिपात आपल्या ठिकाणी आणि रब्बीत हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील हिवाळी रोपवाटिकेसारख्या उबदार ठिकाणी पेरणी केली तर वर्षात दोन पिढ्या मिळतात आणि हे काम तीन वर्षांत संपते.

प्रत्येक प्रतीप संकराच्या पिढीत अर्ध्या रोपांना दात्याची प्रत मिळते. बाकीची अर्धी रोपे उपयोगाची नसतात, आणि ती कोणती हे फुलोऱ्यापूर्वी कळले पाहिजे. म्हणून रोपे 2 ते 3 आठवड्यांची झाली की सकाळी शेतात जाऊन प्रत्येक रोपाच्या सर्वांत कोवळ्या पानाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यावा, क्रमांक लिहिलेल्या पाकिटात घालून बर्फाच्या डब्यात ठेवावा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. क्रमांक रोपाला बांधलेल्या पट्टीवर, पाकिटावर आणि वहीत असा तीन ठिकाणी, आणि पेन्सिलीनेच लिहावा. माझ्या पहिल्या रब्बी हंगामात आम्ही पट्ट्यांवर बॉलपेनने क्रमांक लिहिले होते. पाणी आणि दव यांनी महिनाभरात शाई उतरली. जेलवर कोणते रोप निवडायचे हे कळले होते, परंतु शेतातल्या त्या ओळीत ते रोप कोणते हे कोणालाच सांगता येईना, आणि ती ओळ सोडून द्यावी लागली. ही रोपे दिसायला सारखीच असतात, त्यामुळे पट्टी गेली की रोप गेलेच.

डीएनए काढून पीसीआर करणे आणि 3 ते 4 टक्के आगारोजच्या जेलवर पट्टे वाचणे, हे काम फुलोऱ्याच्या किमान 10 दिवस आधी संपवावे. मक्याला फुलोरा यायला साधारण 50 ते 55 दिवस लागतात, म्हणजे हातात तीन-चार आठवडेच असतात.

किती रोपे लावावीत

मार्गदर्शकांकडून याचे उत्तर अनेकदा अंदाजाने दिले जाते. ते मोजून काढणे सोपे आहे. एखादे हवे असलेले रोप मिळण्याची शक्यता पिढीत किती आहे हे ठरवावे आणि एक तरी रोप मिळण्याची खात्री 99 टक्के हवी असे धरून गणित करावे. स्वपरागीभवनानंतर एका जनुकाचे समयुग्मी रोप चारांतून एक मिळते, त्यासाठी 17 रोपे पुरतात. सीआरटीआरबी1 आणि एलसीवायई ही दोन्ही जनुके एकाच वेळी हवी असतील तर सोळांतून एक, म्हणजे 72 रोपे लागतात. त्यांत प्रथिनांची गुणवत्ता वाढवणारे सातव्या गुणसूत्रावरील ओपेक-2 हे तिसरे अप्रभावी जनुकही धरले तर चौसष्टांतून एक, म्हणजे 293 रोपे लागतात. हे आकडे किमान आहेत आणि ते फक्त एका रोपासाठी आहेत. निवडीला वाव हवा असेल तर यांच्या तिप्पट-चौपट रोपे लावावीत. शिवाय काही संकरांत सीआरटीआरबी1 चे अनुकूल रूप मेंडेलच्या अपेक्षेपेक्षा कमी रोपांत उतरते, हे संशोधकांनी नोंदवले आहे, त्यामुळे हात थोडा सैल ठेवलेला बरा.

जनुक आलेल्या रोपांमधून पुन्हा निवड करायची असते. दोन प्रतीप संकरांनंतर आवर्ती पालकाचा अंश सरासरीने 87.5 टक्के परत येतो, परंतु ही केवळ सरासरी असते. सर्व गुणसूत्रांवर पसरलेले 100 च्या आसपास मार्कर वापरून प्रत्येक रोपाची पार्श्वभूमी तपासली, तर त्याच पिढीत 90 टक्क्यांच्या बऱ्याच पुढे गेलेली रोपे सापडतात आणि तिसरा प्रतीप संकर वाचतो. पार्श्वभूमीबरोबर झाडाची उंची, कणसाचा आकार आणि फुलोऱ्याचे दिवस हेही त्याच हंगामात वहीत उतरवून ठेवावेत. मार्करने 94 टक्के दाखवले आणि तुरा मात्र आठवडाभर उशिरा आला, तर ते रोप सोडून दिलेले चांगले.

परागीभवन

कणीस बाहेर पडताच, केस दिसण्यापूर्वीच, त्यावर बटर पेपरची पिशवी चढवावी. केस एकदा उघडे पडले की वाऱ्याने आलेला पराग त्यांवर बसलेला असू शकतो. तुऱ्यावर आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी बांधावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकल्यावर, उन्हाची तीव्रता वाढण्यापूर्वी, पराग झटकून गोळा करावा. कणसावरची पिशवी किंचित वर उचलून पराग टाकावा आणि तत्काळ परत झाकावे. प्रत्येक पिशवीवर दोन्ही पालकांचे क्रमांक आणि तारीख लिहावी.

मक्यात पराग कोणत्या झाडाचा आहे याचा परिणाम त्याच वर्षीच्या दाण्यावर होतो, कारण भ्रूणपोषात आईच्या जनुकाच्या दोन प्रती आणि बापाची एक प्रत असते. म्हणून समयुग्मी झाडाच्या कणसावर शेजारच्या साध्या मक्याचा पराग पडला तर त्या दाण्यांत बीटा-कॅरोटीन घटते. रासायनिक तपासणीसाठी स्वपरागीभवन केलेले कणीसच घ्यावे, मोकळ्या परागीभवनाचे कधीही घेऊ नये.

दाणे तपासणे

जनुक पोहोचले हे जेल सांगते, परंतु दाण्यात किती बीटा-कॅरोटीन साठले हे एचपीएलसी (मिश्रणातील द्रव्ये वेगळी करून मोजणारे यंत्र) सांगते, आणि दोन्ही लागतात. अनेकांचे काम याच टप्प्यावर बिघडते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. बीटा-कॅरोटीन प्रकाश, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांनी नष्ट होते. कणसे उन्हात न वाळवता सावलीत वाळवावीत. दाणे काढून अपारदर्शक पाकिटांत भरावेत आणि लगेच दळायचे नसतील तर उणे 20 अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावेत. दळण मंद प्रकाशात करावे आणि दळल्यावर पीठ वाट पाहत ठेवू नये.

एका वर्षी माझ्याकडून 12 कणसांचे पीठ पारदर्शक पिशव्यांत तीन दिवस खिडकीशेजारच्या टेबलावर राहिले. एचपीएलसीच्या आकड्यांत आवर्ती पालक आणि सुधारित वंश यांत फरकच दिसेना, आणि निवड चुकली असावी, असे मी धरले. त्याच कणसांचे शीतगृहात राहिलेले उरलेले दाणे पुन्हा दळून लावले, तेव्हा फरक कितीतरी पटींचा निघाला. जनुक योग्य होते, चूक पिठाच्या हाताळणीत होती.

निष्कर्षणाची पद्धत साधारण अशी आहे. सुमारे 600 मिलिग्रॅम पिठात बीएचटी हे ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य मिसळलेले इथेनॉल घालून 85 अंशांच्या पाण्यात ठेवावे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने तेलाचा अंश साबणरूप करून टाकावा, बर्फात थंड करून हेक्सेनने रंगद्रव्य वेगळे काढावे आणि नायट्रोजनच्या झोतात कोरडे करावे. एचपीएलसीच्या सी-30 प्रकारच्या स्तंभावर (द्रव्ये वेगळी करणाऱ्या नळीवर) 450 नॅनोमीटरला वाचन घ्यावे. हा स्तंभ महाग असतो, परंतु साध्या सी-18 वर कॅरोटिनॉइडची जवळची रूपे नीट वेगळी होत नाहीत, म्हणून येथे काटकसर करू नये. अ जीवनसत्त्वाच्या पूर्वद्रव्याचा आकडा काढताना बीटा-कॅरोटीन पूर्ण धरावे आणि अल्फा-कॅरोटीन व बीटा-क्रिप्टोझँथीन यांची बेरीज निम्मी धरावी. ल्युटीन आणि झियाझँथीन या हिशेबात येत नाहीत.

प्रत्यक्षात काय साधले आहे

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ही पद्धत भारतीय इनब्रेड वाणांवर वापरली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सीआरटीआरबी1 चे अनुकूल रूप आलेल्या वंशांत बीटा-कॅरोटीन 8.6 ते 17.5 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमपर्यंत पोहोचले, आणि त्यांपासून पुन्हा उभारलेल्या एका संकरितात 21.7 पर्यंत, तर मूळ संकरितात ते फक्त 2.6 होते. याच प्रयत्नांतून 2017 मध्ये पुसा विवेक क्यूपीएम 9 सुधारित हा संकरित वाण प्रसारित झाला. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या विवेक क्यूपीएम 9 या वाणाचे व्हीक्यूएल1 आणि व्हीक्यूएल2 हे दोन्ही पालक त्यासाठी सुधारण्यात आले. त्यात अ जीवनसत्त्वाच्या पूर्वद्रव्याचे प्रमाण 8.15 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आहे, आणि ओपेक-2 मुळे प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लेही वाढलेली आहेत. या वाणाची शिफारस उत्तरेकडील पर्वतीय राज्यांबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगण आणि तमिळनाडू येथील खरिपासाठी आहे. म्हणजे हा विषय आपल्या शेतकऱ्यांपासून दूरचा नाही.

शेतात आणि घरात

असा मका खाण्यासाठी पेरायचा असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात. एक म्हणजे शेजारी साधा मका असल्यास पेरणी मागे-पुढे करावी, म्हणजे दोन्हींचा फुलोरा एका वेळी येणार नाही, किंवा पुरेसे अंतर ठेवावे. प्रमाणित संकरित बियाण्यासाठी 200 मीटरचे अंतर पाळतात, खाण्याच्या मक्याला एवढे नको असले तरी कडेच्या ओळींतील कणसे वेगळी काढून ती कोंबड्यांना किंवा जनावरांना घालावीत. दुसरी गोष्ट साठवणीची आहे. दाणे सावलीत वाळवून, हवाबंद आणि अंधाऱ्या डब्यांत ठेवावेत आणि एका वेळी आठवडाभर पुरेल इतकेच दळावे, कारण साठवणीच्या पहिल्या काही महिन्यांतच बीटा-कॅरोटीन वेगाने घटते. ही घट सर्व वाणांत सारखी नसते. नवव्या गुणसूत्रावरील सीसीडी1 हे कॅरोटिनॉइड तोडणारे जनुक काही मक्यांत अनेक प्रतींत असते, आणि नवा दाता निवडताना तेही पाहिलेले बरे.

पोषणाचा हिशेबही मोकळेपणाने मांडायला हवा. 200 ग्रॅम पिठात 8.15 च्या दराने 1630 मायक्रोग्रॅम पूर्वद्रव्य येते. साठवणीत निम्मे गेले असे धरले आणि 12 भागांपासून 1 भाग अ जीवनसत्त्व या नेहमीच्या प्रमाणाने मोजले, तर सुमारे 68 मायक्रोग्रॅम मिळतात. प्रौढ स्त्रीसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 मध्ये सांगितलेली रोजची गरज 840 मायक्रोग्रॅम आहे. तोच मका नीट साठवून नुकसान टाळले तर हाच आकडा 136 पर्यंत जातो, म्हणजे अंधाऱ्या डब्याने जे मिळते ते पैदाशीच्या एका अख्ख्या टप्प्याएवढे आहे. सातपुड्यात मक्याची भाकरी रोजच्या जेवणात असते, तेथे या फरकाला अर्थ आहे. बीटा-कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून भाकरीबरोबर तेल घातलेली शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी असावी, आणि लहान मुलांना ती भाकरी नुसती दुधापाण्यात कुस्करून देण्याऐवजी त्यावर चमचाभर तेल किंवा तूप घालून द्यावी.